नऊ वाट्यांचा मासा

मासे धरायला जाताना माणूस सोबत का नेतो, याची दिपेशच्या मते दोनच कारणं होती. एक तर त्याला मासे लागत नाहीत, किंवा घरी त्याच्याशी कोणी बोलत नाही. आसनगावच्या दिपेशला दोन्ही बाबतींत तक्रार नव्हती. कोंबड्याच्या मानेची पिसं उपटून नेल्यापासून आईने, गुणाबाईने, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ते त्याला सोयीचं पडत होतं. मासे तर तो ठेवतच नसे.

पिसांचं काम असं, की दिपेश फ्लाय फिशिंग करायचा. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला पीस आणि दोरा गुंडाळून त्याची खोटी माशी करायची, लांब लवचिक काठीने ती डोक्यावरून पुढेमागे झुलवायची आणि पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसला की त्याला ओल्या हाताने धरायचं, पट्टीने मोजायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचं. हे सगळं तो तीन वर्षं व्हिडिओ बघून शिकला होता, आणि व्हिडिओतला माणूस नेहमी एकटा असे. निदान दिपेशची तशी समजूत होती. व्हिडिओ काढत कोण होतं, हा विचार त्याला शिवला नव्हता.

सोबतीचा प्रयोग त्याने एकदाच केला होता. ऑफिसमधल्या संदेशला भातसाकाठी नेलं. संदेशने वेफरची तीन पाकिटं फोडली, दर चार मिनिटांनी "लागला का?" विचारलं आणि शेवटी नदीत पोहायला उतरला. त्या दिवशी दिपेशने ठरवलं, की नदीवर माणूस ही वस्तू एकच असावी आणि ती आपण असावं.

हा नियम मोडायची वेळ कुणालीमुळे आली.

कुणाली मुरबाडला औषधांच्या दुकानात कामाला होती. दिपेशला ती भेटली म्हशाच्या जत्रेत, गुरांच्या बाजारात, जिथे तो एका बैलाच्या शेपटीचे केस कात्रीने कापत होता. माशीचे पाय करायला ते केस उत्तम, असं व्हिडिओत होतं. बैलाच्या मालकाला व्हिडिओ माहीत नव्हता. त्याने दिपेशची गचांडी धरली, तेव्हा बाजूला उभी असलेली कुणाली म्हणाली, "सोडा त्याला काका, त्याची ट्रीटमेंट चालू आहे." तिथून वर्षभरात गोष्ट लग्नापर्यंत आली. दोन्ही घरांत होकार झाला. राहिला फक्त तिचा बाप.

कमळाकर पत्रिका बघत नसे. पोराला एक दिवस कामाला लावून बघत असे. मोठ्या जावयाकडून त्याने गवताचा भारा बांधून घेतला होता. भारा अर्ध्या वाटेत सुटला, तरी पोरगी दिली, कारण सुटल्यावर जावयाने दोरीला दोष दिला नव्हता.

"याला काय येतं?" कमळाकरने विचारलं.

"मासे धरतो," कुणाली म्हणाली.

"मग रविवारी येऊंदे. आपल्या डोहावर बसू. दिवस मावळायच्या आत हो का नाय ते सांगतो."

कुणालीने दिपेशला फोनवर दोन गोष्टी बजावल्या. एक, बाबा बोलतात तेव्हा मध्ये बोलायचं नाही. दोन, बाबा सारखे बोलतात.

रविवारी सकाळी दिपेश गावाखालच्या डोहावर पोचला, तर तिथे तीन माणसं आणि एक टोप होता. टोपात अकरा माणसांचा रस्सा सहज झाला असता. टोप शेजारच्या लडकूचा, म्हणून लडकू. कमळाकरची थोरली बहीण धोंडूबाई मसाला, कांदे आणि तांदूळ घेऊन बसली होती. तिने तीन दगड मांडून चूल पेटवली पण होती.

"पाणी उकळलं," ती म्हणाली. "आण रे मासा."

दिपेशने काठी जोडली. कमळाकर शेजारी येऊन उभा राहिला, इतका शेजारी, की काठी मागे नेली असती तर त्याच्या नाकात गळ अडकला असता.

"हे काय लावलंस?"

"माशी, काका."

"जिवंत?"

"नाही. कोंबड्याच्या पिसाची."

"म्हंजे माशाला खोटं बोलतोस."

दिपेशने दोरी सोडली आणि काठी पुढेमागे झुलवायला सुरुवात केली. दोरी हवेत वळणं घेऊ लागली. ही त्याची सगळ्यात देखणी हालचाल होती, आणि ती बघायला कधी कोणी नसल्याचं त्याला क्वचित वाईटही वाटे.

"आमची म्हैस शेपटानं असंच करते," लडकू म्हणाला. "पण तिला कारण असतं."

त्यानंतर तीन तास कमळाकर बोलला. पंचायतीवर बोलला, गुडघ्यावर बोलला, वाशिंदच्या एका साडूने फ्लॅट घेतला आणि बाल्कनीत भेंडी लावली त्यावर बोलला. भेंडीवर चाळीस मिनिटं गेली. लडकूने मोबाइलवर भजन लावलं. दिपेशला कळेना, की माणसांना नदी बघवत का नाही. तीन माणसं पाण्याकाठी बसली, की ती आधी पाण्याकडे पाठ करतात, मग एकमेकांना तेच सांगतात जे ओट्यावर सांगून झालेलं असतं. एवढ्यासाठी डोहापर्यंत चालत यायचं कशाला, घरी बादली भरून ठेवावी.

आणि तरी साडेबाराला मासा लागला. वीतभर, चंदेरी, चांगला तडफडणारा. काठी वाकली आणि काठावर अचानक माणसं उगवली. दोन गुराखी आले. दुधाची किटली लावलेला मोटरसायकलवाला गाडी उभी करून उतरला.

या गावात डोहावरच्या माशाचा नियम साधा होता. मासा पाण्याबाहेर येताना काठावर जो उभा, त्याचा वाटा. धोंडूबाईने बोटांवर मोजलं.

"आमी चार. हे तिघं, सात. घरी कुणालीची आई, आठ."

"आणि टोपाचा," लडकू म्हणाला.

"टोपाचा नववा. बारका आहे, पण रस्सा वाढवू."

दिपेशचं तिकडे लक्ष नव्हतं. तीन वर्षांत त्याच्या हाताला एक सवय लागली होती, आणि हात डोक्याला न विचारता काम करत होता. त्याने मासा ओल्या हाताने धरला. पट्टीने मोजला. फोटो काढला. पाण्यात धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि सोडून दिला.

लडकूने भजन बंद केलं.

"माझे दोन वाटे गेले," तो हळूच म्हणाला.

"पोरा," धोंडूबाई म्हणाली, "तू तुझा सोडलास तर सोड. माझा कुणाला विचारून सोडलास?"

दिपेशने समजावून सांगितलं, की यात आनंद धरण्याचा असतो, खाण्याचा नसतो, मासा जगतो, मोठा होतो. दूधवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग त्याला बोलावलं कशाला?" गुराख्यांनी माना डोलावल्या. नऊ वाट्यांतले सात हजर वाटेकरी उकिडवे बसले होते, आणि त्यांत सातवा दिपेश स्वतः होता, त्यामुळे त्याला स्वतःविरुद्धच बसावं लागलं.

कमळाकरने टोपातल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला एक सांग. धरलंस, मापलंस, फोटो काढलास, छान आहे बोललास आणि परत पाठवलंस. उद्या माझ्या पोरीचं पण असंच करशील."

"काका, मासा आणि कुणाली..."

"दोघांना माझ्या घरातनं जायचंय. डोह आमचाच आहे." त्याने सूर्याकडे पाहिलं. "अजून टाइम आहे. एक धरून दाखव आणि ठेवून दाखव. नायतर माझं उत्तर तू ऐकलंस असं समज."

आता दिपेशला मासा हवाच होता, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा ठेवायला तयार झाला. तत्त्वं मोडायला त्याला सुमारे चार सेकंद लागले. पण सहा माणसांच्या गोंगाटात पुढचे दोन तास पाण्यावर बुडबुडाही आला नाही. गुराखी सल्ले देत होते. गुरं पाण्यात उतरली होती. कमळाकर कानाशी भेंडीच्या उरलेल्या भागावर आला होता.

"काका, मी जरा वरच्या डोहावर एकटा जाऊ का?"

"मग मी तुला बघणार कसा?"

दिपेशच्या हातात एकच इलाज उरला. माणसाच्या हातात काही दिलं तर तोंड थोडं कमी चालतं, या आशेवर त्याने काठी कमळाकरला दिली.

"तुम्ही टाकून बघा. नुसतं मनगट. मागे न्या, थांबा, पुढे सोडा."

कमळाकरने काठी तोलून पाहिली. चाळीस वर्षं त्याने भातावरची पाखरं गोफणीने उडवली होती, तीही शेजारच्या शेतातल्या पाखरांना दगड न लागता. त्याने मनगट मागे नेलं, थांबला, पुढे सोडलं. दोरी हवेत सरळ उलगडत गेली आणि पीस पार पलीकडच्या कातळाखाली सावलीत उतरलं. पाण्याला कळलंही नाही. दिपेशला ती जागा पाच तासांत एकदाही गाठता आली नव्हती. व्हिडिओतल्या माणसालाही ती गाठता आली असती की नाही, शंका होती.

कमळाकर गप्प झाला.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लडकूने काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्याने परत विचारलं.

"लडकू," कमळाकर न वळता म्हणाला, "तुझी सावली पाण्यात पडते. जा तिकडं."

लडकू बांबूच्या बेटामागे गेला. मग गुराखी आणि गुरं गेली. दूधवाल्याला दुधाची आठवण करून देण्यात आली. मग कमळाकरने जे केलं ते त्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. त्याने थोरल्या बहिणीला सांगितलं, "आक्का, तुझ्या बांगड्या वाजतात."

धोंडूबाई उठली. तिला राग यायला हवा होता, पण आश्चर्यामुळे जागा मिळाली नाही.

दिपेशला बरं वाटलं. आता खरी शांतता झाली. शेवटी नदीवर दोन समजूतदार माणसं उरली होती.

"तू पण जा," कमळाकर म्हणाला.

"मी? काका, मी तर काही बोलतच नाहीये."

"श्वास घेतोस."

बांबूच्या बेटामागे टोप, लडकू, धोंडूबाई आणि दिपेश असे बसले. धोंडूबाईने नुसता भात टाकला होता. तिथून डोह दिसत नव्हता, फक्त काठीचं टोक मधून मधून बांबूच्या वर दिसे. साडेपाचला कुणालीचा फोन आला.

"बाबा काय बोलतात?"

"काही बोलत नाहीत."

"म्हणजे? बरे आहेत ना ते? आत्याला दे."

आत्याने फोन घेतला. "ठीक आहे गो. उभा आहे. बोलत नाय फक्त." आणि मग हळू आवाजात, "तुझ्या या पोरानं काय हातात दिलं त्याच्या, कोण जाणे."

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा कमळाकर बेटाला वळसा घालून आला. ढोपरापर्यंत भिजलेला, काठी खांद्यावर, हात रिकामे. त्याच्या तोंडावर असं काही होतं, की लडकूने आदराने टोपाचं झाकण लावलं.

"लागला?" धोंडूबाईने विचारलं.

"लागला."

"कुठाय?"

"सोडला."

धोंडूबाईच्या हातात भाताची पळी होती. ती तशीच राहिली.

"मरळ होती," कमळाकर म्हणाला. "इतकी." त्याने डावा हात लांब केला आणि उजव्या हाताने खांद्यावर खूण केली. मग थोडा विचार करून खूण मानेजवळ नेली. "काठावर कोण नव्हतं. वाटा कोणाचा लागत नव्हता. मग ठेवून काय करू? सोडली."

"बघितली कोणी?"

"कोण नव्हतं म्हटलं ना."

"मग नव्हतीच," धोंडूबाई म्हणाली. आणि लडकूने, टोपाच्या वतीने, मान हलवली.

कमळाकरने दिपेशकडे पाहिलं. दिपेशला डोह पाठ झाला होता. कातळाखाली पाणी जेमतेम कमरेएवढं होतं आणि त्यात खांद्यापर्यंतची मरळ शिरली असती तर तिला वळायला बाहेर यावं लागलं असतं. शिवाय काठीवरचं दोरीचं रीळ बघितलं की कळत होतं, त्यातून दोरी कोणी ओढून नेलेली नव्हती. आणि दिपेशला मनापासून एका गोष्टीचा तिटकारा होता, ती म्हणजे न धरलेल्या माशाचं माप. त्यासाठी तर तो पट्टी बाळगत असे.

उजेड झपाट्याने कमी होत होता. उत्तर अजून यायचं होतं.

"मी पाहिली, आत्या," दिपेश म्हणाला. "बांबूतून."

"केवढी?"

दिपेशने डावा हात लांब केला. उजव्या हाताने खांदा ओलांडला, मान ओलांडली आणि कानाशी थांबला.

कमळाकरने त्या कानाकडे पाहिलं. मग त्याने घसा साफ केला.

"पोरगा बरा आहे," तो म्हणाला. "माझ्याकडनं हो आहे. एप्रिलमधली तारीख बघा. ही काठी इथं राहील, नेण्या-आणण्यात मोडते." आणि काठी खांद्यावर तशीच ठेवून तो गावाच्या वाटेला लागला.

"आणि मी, काका? मी रविवारी..."

"ये की," कमळाकर पुढून म्हणाला. "आक्काला भाताला मदत होईल."

धोंडूबाईने टोप उचलून दिपेशच्या डोक्यावर दिला. आधी भावाच्या पाठीकडे पाहिलं, मग याच्या तोंडाकडे.

"दोघं बिनलाजे एकाच मापानं खोटं बोलता," ती म्हणाली. "जमेल तुमचं. चल, सरळ धर, भात सांडेल."