उलटे सेल

क्षमाबाईंना मराठीत हिंदी कालवणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि नवऱ्याने केलेल्या खरेदीचा त्याहून जास्त.

नवरा म्हणजे श्रीपादराव. जन्मभर तोफांच्या कारखान्यात यंत्रं जोडून निवृत्त झालेले आणि आता घमापुरातल्या चिरागच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर घेऊन आलेले. सोबत बिनवायरचा माउस. "पुराना है, पर टनाटन है," असं चिराग म्हणाला आणि श्रीपादरावांनी मान डोलावली. चिरागने नदीतला गोटा हिरा म्हणून दिला असता तरी त्यांनी ती डोलावलीच असती, असं क्षमाबाईंचं मत.

कॉम्प्युटर हवा मात्र त्यांनाच होता. हिंदी मुलखातलं गाव; इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना मराठी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडायची. त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग काढायचं ठरलं होतं आणि निवृत्त शिक्षिका म्हणून पहिला मान क्षमाबाईंचा. आज संध्याकाळी वर्ग झाला नाही, तर तो मंडळातल्याच विनताकडे जाणार होता. विनताकडे नवाकोरा लॅपटॉप होता. तिची मराठी अशी, की ऐकणाऱ्याने कान धुऊन घ्यावेत.

कारखान्यातल्या माणसाच्या घरी पूजेशिवाय यंत्र सुरू होत नाही. क्षमाबाईंनी सकाळीच पडद्याला, कीबोर्डला आणि खालच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं. माउस उरला. वर लावलं तर तळहाताने पुसलं जाईल, म्हणून त्यांनी तो उलटा केला, पोटावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं आणि समाधानाने हात जोडले.

दुपारी जेवणं आटोपल्यावर कॉम्प्युटर लावला. पडदा उजळला, क्लिकही होत होतं, पण बाण काही जागचा हलेना.

"तरी मी म्हणत होते! त्या चिरागनं तुम्हाला टोपी घातली, अन् तुम्ही हसत हसत घालून घेतली."

"थांब ना, पाहून राहिलो मी," श्रीपादराव शांतपणे म्हणाले.

त्यांनी सेल बदलले. नखाएवढा रिसीवर काढून मागच्या खाचेत लावला. टेबलावरच्या काचेवर वर्तमानपत्र अंथरलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. बाण ढिम्म. क्षमाबाईंनी चिरागला फोन लावला.

"भैया, ये माउस है कि आलू?"

"आंटी जी, सेल चेक करो, रिसीवर निकालके फिर से लगाओ."

"सब कर लिया! शाम को आओ और अपना कबाड़ उठा ले जाओ!"

भांडायला हिंदी चालते, असा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. मग, हरायचंच आहे तर नीटनेटकं हरावं म्हणून त्या साडी बदलायला आत गेल्या. बाहेर आल्या तर बाण पडद्यावर भिरभिरत होता.

"काय झालं होतं?"

श्रीपादरावांनी रुमाल खिशात कोंबला. "काही नाही. सेल उलटे बसले होते."

"उलटे? अन् घातले कोणी? तुम्हीच ना! जन्मभर तोफा जोडल्या म्हणे! काहून पगार देत होते तुम्हाला!"

सेल उलटे असते तर क्लिक तरी कसं झालं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याची चूक सापडली की त्या पुढचं तपासत नसत.

वर्ग झोकात झाला. सुरुवातीलाच त्यांनी उलट्या सेलांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मुलं हसली, शेजारी बसलेल्या त्यांच्या आया हसल्या, आणि 'बघू तरी' म्हणून आलेली विनता सगळ्यांत मोठ्याने हसली. दाराशी उभे असलेले श्रीपादरावही हसले. चिरागला 'येऊ नको' म्हणून त्यांनीच कळवलं. आपण दुकानदाराची माफी मागावी, असं क्षमाबाईंच्या मनातही आलं नाही.

रात्री त्यांनी धुण्यासाठी नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. रुमाल लालभडक. हे पान खायला लागले की काय? त्यांनी वास घेतला आणि तशाच जाऊन माउस उलटा केला. पोटावरच्या इवल्याशा दिव्याभोवती, खाचेत, कुंकू अजून अडकलेलं होतं. सकाळी त्यांनी बोट टेकवलं होतं, नेमकं तिथेच.

"तुम्ही सांगितलं काहून नाही मला?"

"वर्ग होता तुझा," श्रीपादराव म्हणाले. "मग बोलता बोलता अडखळली असती तू."

क्षमाबाईंना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्यांनी चारचौघांत आपल्याला फाडून खाल्लं असतं, तर उलट बोलता तरी आलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. विनता.

"वर्ग मस्त झाला हं, क्षमाताई! अन् श्रीपादजींचे सेल? साऱ्या मंडळात सांगून राहिली मी, सगळे हसून हसून पागल! आता सरळ घालतात ना ते?"

तिचा आवाज फोनबाहेरही खणखणीत ऐकू येत होता. क्षमाबाईंच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात लाल रुमाल. खरं सांगणारं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते कसं बोलायचं हेही त्यांना चांगलं माहीत होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "आता सरळ घालतात."

श्रीपादरावांनी त्यांच्या हातातून रुमाल काढून घेतला आणि ते स्वतःच तो धुवायला गेले.