उघड्यावर जाळलेली बारूद

जनार्दन राऊळला एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं आखातातल्या इब्री गावच्या सनायात कुणी कधी ऐकलं नव्हतं. सनाया म्हणजे गावाबाहेरची वर्कशॉपांची वस्ती. तिथं सालिम अर्बाबच्या, म्हणजे सालिम मालकाच्या, वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करायचा, आणि लेथवर त्याचा हात खरोखर बसलेला होता, त्याबद्दल वाद नाही. पण लेथ सोडून उरलेल्या जगाबद्दलही त्याचं मत तयार असे. खजुराला कीड का लागते, एसीतून पाणी का गळतं, विमानाची तिकिटं कधी उतरतात, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. त्यातलं निम्मं खरं निघायचं आणि उरलेलं निम्मं लोक विसरून जायचे. असल्या माणसांचं फावतं ते असंच.

त्याच्या सगळ्या थापांत एक थाप थोरली होती. नोकरीला लागला त्याच वर्षी अर्बाबनं त्याला आपल्या आजोबांची रायफल दाखवली होती. लांबलचक, जड, खालची कळ ओढली की मागून तोंड उघडणारी. जनार्दनला ती बघून काहीतरी बोलावंसं वाटलं आणि तो बोलून गेला, "मेरा बाप भी शिकारी था अर्बाब. ठासणीवाला बंदूक. बारूद मैं ही भरता था." कुडाळकडच्या त्याच्या गावात ठासणीची बंदूक होती हे खरं, पण ती खोतांची. जनार्दननं ती लांबून, दोन्ही कानांत बोटं घालून पाहिलेली. पुढं कॉफीच्या प्रत्येक बैठकीत त्या शिकाऱ्यानं एकेक रानडुक्कर मारलं, आणि बघता बघता अर्बाब जनार्दनला बारुदीतला आपला भाऊबंद मानायला लागला.

हे सगळं निस्तरायची वेळ आली ती २०१४ च्या हिवाळ्यात. अर्बाबच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांच्याकडं लग्नात पुरुष ओळीनं उभे राहून तलवारी आणि बंदुका नाचवतात, आणि अर्बाबच्या घराण्यात आणखी एक रीत होती. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, पलीकडच्या काठावर एक पांढरा दगड ठेवायचा आणि नवऱ्या मुलाच्या बापानं त्यावर पहिली गोळी झाडायची. नेम चुकला तर लोक वर्षभर हसतात. बंदूकच उडाली नाही, तर पुढची पिढीही हसते.

त्या रायफलची काडतुसं आता कुणी बनवत नाही. अर्बाब झाडलेल्या पितळी नळ्या जपून ठेवायचा आणि स्वतःच पुन्हा भरायचा. मागं ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मापानं बारूद, वर शिशाची गोळी. बारूद डोंगरातला एक म्हातारा करून द्यायचा, काळी, खसखशीएवढ्या दाण्यांची. तो म्हातारा वारला होता, आणि त्यानं दिलेल्या शेवटच्या डब्यात ओल शिरून बारुदीचा गठ्ठा झाला होता. तेवढ्यात अर्बाबचा पुतण्या हमद सरहद्दीपलीकडून एक नवा डबा घेऊन आला. त्याचा अल ऐनचा एक मित्र निशाणबाजी करायचा, त्याच्याकडून मागून आणलेला. आतली बारूद करडी, चकचकीत, बारीक टिकल्यांसारखी. धूर होत नाही, नळी काळी होत नाही, असं हमद म्हणाला.

"जनार्दन," अर्बाब म्हणाला, "तुम देखो. कौन सा अच्छा?"

आता खरं म्हणजे जनार्दनलाही मनापासून जाणून घ्यायचं होतं. त्याच्या खोटेपणाइतकंच त्याचं कुतूहलही अस्सल होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं वर्कशॉपच्या मागं एक पत्रा आडवा टाकला. गठ्ठ्यातली कोरडी राहिलेली चिमूटभर काळी बारूद एका टोकाला ठेवली, करडी दुसऱ्या टोकाला, आणि लांब काडीनं दोन्हींना आग दाखवली. काळी फस्सकन उडाली. डोळा लवेपर्यंत खलास, वर पांढऱ्या धुराचा गोळा आणि पत्र्यावर काजळी. करडी मात्र सावकाश पेटली. पिवळी ज्योत इकडून तिकडं फिरली, कापूर जळतो तशी निवांत, आणि विझली.

जनार्दन वाकून दोन्ही डाग न्याहाळत राहिला. किती साधं, असं त्याला वाटलं.

"ये नया वाला आळशी है अर्बाब," तो म्हणाला. "साफ है, लेकिन कमजोर. माप पूरा भरना. थोडा ज़्यादा भी चलेगा."

हमदनं मध्येच दोन बोटांच्या चिमटीनं दाखवलं. "मेरा दोस्त तो इतना सा डालता है."

"उसका बंदूक छोटा होगा," जनार्दन म्हणाला. उत्तर तयारच होतं.

अर्बाब खूश झाला. उद्या अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर वादीत एक गोळी झाडून बघू, मुलीकडची माणसंही येतील, असं ठरवून तो डबा घेऊन गेला.

संध्याकाळी जनार्दन खोलीवर आला तेव्हा अलीमियाँ स्वयंपाकाला लागला होता. अलीमियाँ रत्नागिरीकडचा, इब्रीच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्याचं भांड्याकुंड्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत दोघं राहायचे आणि आळीपाळीनं रांधायचे. जनार्दन भिंतीला टेकून बसला, पण आत काहीतरी टोचत होतं. बारूद कमजोर, तर मग तो अल ऐनचा माणूस चिमूटभरच का घालतो? कमजोर चहाला पावडर जास्त लागते, कमी नाही. बंदूक छोटी असेल, हे त्याचंच उत्तर, आणि ते त्याचं त्यालाच पटेना.

"जेवण किती लांब आहे, मियाँ?"

"डाळीला विचार," अलीमियाँ वैतागून म्हणाला. "कुकरची रिंग गेलीय. भांड्यांचं दुकान आपलं नि घरात रिंग नाही, बोल. मघापासनं उघड्या टोपात उकळतेय, दाणा काय मोडत नाही. कोंडल्याशिवाय जोर येत नाही तिला."

जनार्दन ताठ झाला.

"काय म्हणालास?"

"कोंडल्याशिवाय जोर येत नाही. डाळ रे, डाळ. तुला काय झालं?"

जनार्दन टोपाकडं बघत राहिला. डाळ तीच, आच तीच, नुसतं झाकण बसलं की कारभार बदलतो. आणि आपण बारूद कुठं जाळली? पत्र्यावर. उघड्यावर. बंदुकीत ती पितळेच्या नळीत कोंडलेली असणार, पुढून शिशाचं बूच, मागून लोखंड. उघड्यावर आळशी दिसणारी ही बया कोंडल्यावर काय करील, हे पत्र्यावरच्या डागावरून कुणाला कळणार? त्याला ते ठाऊक नव्हतं. हा विचार इतका नवा होता की डाळ शिजली तेव्हा त्याची भूक मेलेली होती.

फोन करून सांगावं, असं त्याला अनेकदा वाटलं. पण सांगायचं काय? पुरा माप, वर थोडा जास्त, हे सांगणारा तोच. शिकाऱ्याचा मुलगा. उद्या जाऊन हळूच काहीतरी जुळवू, असं ठरवून तो आडवा झाला. खोटं सावरायला आणखी खोटं लागतं, आणि त्याचा त्याला तोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वादीत पोचला तर सतरंजी अंथरलेली. मुलीचा काका, आणखी चार वडीलधारे, कॉफीची सुरई, खजूर. पलीकडच्या काठावर पांढरा दगड. अर्बाबनं उठून सगळ्यांना जनार्दनची ओळख करून दिली. त्या अरबीतले त्याला दोनच शब्द कळले, हिंदी, म्हणजे भारतीय, आणि बारूद, पण माना आदरानं डोलल्या त्यावरून बाकीचं कळलं.

"अर्बाब, आज हवा बहुत है," तो म्हणाला.

अर्बाबनं चिमूटभर माती वर धरून सोडली. ती सरळ खाली पडली.

"नया बारूद है, दो दिन धूप में रखना अच्छा."

"रखा. सुबह से रखा."

"लेथ पे अर्जंट काम है अर्बाब, मैं आता है, फिर..."

"यल्ला, एक गोली. तुम इधर खड़ा रहो, मेरे बाजू में. तुमने बोला वैसा ही भरा है. थोड़ा ज़्यादा." अर्बाबनं कळ ओढली, काडतूस आत सरकवलं, कळ बंद केली आणि रायफल गालाला लावली.

जनार्दनला त्या क्षणी अर्बाबचा गाल दिसला. पांढरी दाढी, लोखंडाला चिकटलेली. पुढं काय झालं ते त्यानं ठरवून केलं नाही. तो पुढं झाला आणि रायफलीच्या मागच्या तोंडावर, जिथं काडतूस बसलं होतं तिथं, त्यानं आपला पंजा दाबून धरला.

"हाथ हटाओ," अर्बाब म्हणाला.

"नहीं अर्बाब. पहले गोली निकालो."

"जनार्दन."

"मेरे को मालूम नहीं," जनार्दन म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून इब्रीत पहिल्यांदाच बाहेर पडत होतं आणि त्याला स्वतःलाच ते परकं वाटलं. "ये बारूद कैसा है, मेरे को मालूम नहीं. मेरे बाप के पास बंदूक नहीं था. मैंने कभी बारूद नहीं भरा. झूठ बोला."

अर्बाब त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नळी जमिनीकडं केली. पंजा तसाच राहिला, नळीबरोबर जनार्दनही वाकला. अर्बाब हमदला काहीतरी म्हणाला आणि हमदनं खिशातून मोबाइल काढला. अल ऐनच्या मित्रानं लगेच उचलला. हमदनं रायफलीचं वर्णन केलं, माप सांगितलं. पलीकडून "ला, ला, ला", नाही, नाही, नाही, असा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

हमदचा चेहरा उतरला होता. "वो बोलता है, ये बारूद नए बंदूक का है. पुराने बंदूक में कभी नहीं. बाहर आहिस्ता जलता है, बंद करो तो पागल. बोलता है, इतना भरा तो पीछे का लोहा खुल जाएगा. आँख, हाथ, कुछ नहीं बचेगा." मग तो हळूच म्हणाला, "बोलता है, पहले फोन क्यों नहीं किया?"

आधी फोन का केला नाही, याचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विचारायची गरजच पडली नव्हती. घरातच जाणकार होता.

अर्बाबनं जनार्दनचा पंजा धरला. तो सुटेना, इतका घट्ट बसला होता. अर्बाबनं एकेक बोट उलगडून तो बाजूला केला, कळ ओढून काडतूस काढलं आणि हमदकडं दिलं. मग सतरंजीवर बसला.

"तुम झूठा आदमी है, जनार्दन," तो शांतपणे म्हणाला.

"हाँ, अर्बाब."

"चार साल झूठ. मैंने सब को बोला, मेरा लेथवाला शिकारी का बेटा."

जनार्दन मान खाली घालून उभा होता. नोकरी गेली, हे त्यानं धरलंच होतं. पण त्याहून त्याला लागलं ते 'सब को बोला'. हा माणूस आपल्याबद्दल अभिमानानं बोलत होता, आणि आपण त्याच्या गालाशी मरण भरून ठेवलं होतं. त्याला रडू आलं, आणि ते आवरायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"काला बारूद कितना सूखा बचा है?" अर्बाबनं हमदला विचारलं. दोनेक गोळ्यांपुरती निघेल, असं हमद म्हणाला. "बस. शादी में एक ही मारना है. नहीं लगा तो लोग हँसेंगे. हँसने दो." त्यानं सुरईतून छोट्या कपात कॉफी ओतली आणि कप जनार्दनपुढं धरला. "बैठो. अब सच बोलो. तुम्हारा बाप क्या करता था?"

जनार्दन बसला. मुलीचा काका पुढं सरकला. त्यालाही ऐकायचं होतं.

"बाग का राखण करता था," जनार्दन म्हणाला. "दूसरे का बाग. आम, काजू. डब्बा बजाता था, बंदर भगाने को."

"बंदूक नहीं?"

"सिर्फ डब्बा. बाद में बंदर को आदत हो गया. डब्बे से नहीं भागता था. फिर बाप उनको नाम लेके गाली देता था, तब भागता था."

अर्बाबनं हे अरबीत सांगितलं. कुणी हसलं नाही. काकानं काहीतरी विचारलं आणि अर्बाबनंही तेवढ्याच उत्सुकतेनं तो प्रश्न पुढं केला.

"नाम था? सब बंदर का?"

"सब का," जनार्दन म्हणाला.

"क्या नाम?"

इतक्या वर्षांत ती नावं त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण शिकाऱ्याच्या गोष्टीत त्यांना जागा नव्हती. आठवतील की नाही, याचीच त्याला धास्ती वाटली. मग बापाचा आवाज आधी आला, आणि त्यामागून एकेक नाव यायला लागलं.