डावी कळी

नामा भगतानं तगरीची कळी ओली केली, देवीच्या उजव्या खांद्यावर टेकवली आणि बोटाच्या टोकानं हलकेच दाबून हात काढून घेतला. शेंदरावर कळी चिकटून राहिली. गाभारा एवढासा, तीन माणसांनी भरणारा, त्यात आज चौघं बसलेली आणि पाचवा दाराशी उभा. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. बाहेर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न तेवढे चालू होते.

उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. होकार आला तर पूनमचं लग्न विपुलशी. नकार आला तर उरणच्या दुकानदाराच्या घरातलं स्थळ पक्कं करायचं आणि विपुलचं नाव घरात पुन्हा काढायचं नाही. पूनमच्या बापानं, दिपेशनं, काल रात्रीच सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं होतं.

तीन महिने घरात नुसती धुसफूस चालली होती. दिपेशचं म्हणणं, पोरगा पालीकडचा, ना आपल्या ओळखीतला, ना पायाखाली जमीन, कंटेनर यार्डातल्या नोकरीवर किती दिवस नाचणार. पूनमचं म्हणणं, आमची गाठ आधीच बांधलेली आहे. दोघं एकाच दिवशी त्या यार्डाच्या ऑफिसात लागले, दोघांचे वाढदिवस एका आठवड्यात, आणि लहानपणी पालीच्या गणपतीला दोघंही गर्दीत हरवले होते. आता पालीच्या गर्दीत एकदा तरी हरवलं नाही असं पोर अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही, पण प्रेमात पडलेल्या माणसाला हे सांगायला कोण जाणार? आणि तिला पुरावाच हवा असला तर तो घरातच होता.

"तुझं आणि आजोबांचं नव्हतं का देवीनं ठरवलं?" ती आजीला म्हणायची. "मग माझं का नाही ठरवणार?"

आजीची, सगुणाची, ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच दगडावर तिच्या आणि नामाच्या लग्नाचा कौल लागला होता. तेव्हा भगत होता नामाचा बाप. नामा तबक धरून बाजूला बसला होता आणि बापाच्या हातात एकेक कळी देत होता. उजवी कळी लावल्या लावल्या पडली. डावी मात्र पडता पडेना, शेवटी नखानं सोडवून काढावी लागली. देवीनं नकार मुठीत धरून ठेवला, असं बाया म्हणाल्या आणि तीच कळी प्रसाद म्हणून सगुणाच्या वेणीत खोवली. दुपारपर्यंत वेणीला मुंग्या लागल्या. आई म्हणाली, बघ, देवीनं किती गोड मानून घेतलंय. दर लग्नात सगुणा हे सांगायची आणि मुंग्यांपाशी आली की बाया हात जोडायच्या.

एक गोष्ट मात्र तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या सकाळी तिनं देवीला डावा कौल मागितला होता. शेजारच्या मिठागरातल्या गणराजला तिनं शब्द दिला होता. देवीनं नाही ऐकलं. देवीशी भांडून कुठं जाणार? पुढं कितीतरी दिवस ती त्या मिठागराच्या बांधावरून गेली नाही, लांबच्या वाटेनं पाणी आणलं. नामा वाईट निघाला नाही. तापात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, पहिली मुलगी गेली तेव्हा तिच्याइतकाच रडला. मधली चार वर्षं दारूत गेली, तीही तिनं काढली. देवीनं गळ्यात बांधलंय, असं म्हटलं की राग गिळायला सोपं जायचं.

नामानं आता डावी कळी उचलली. तबक सगुणाच्या पुढ्यातच होतं. त्यात आता पाण्याची वाटी आणि नैवेद्याचा गूळ तेवढा उरला होता. नामाचा हात पाण्याकडे गेला आणि वाटेत अंगठा गुळावर टेकला. टेकला आणि किंचित फिरला. मग तोच अंगठा त्यानं कळीच्या बुडाला पुसला आणि कळी देवीच्या डाव्या खांद्यावर घट्ट दाबली. सगळं इतकं सफाईनं झालं की दिपेश दोन हातांवर बसलेला असून त्याला काही दिसलं नाही.

सगुणाला दिसलं. आणि सगुणाला दिसलं हे नामालाही दिसलं. तो लपला नाही की ओशाळला नाही. उलट त्यानं तिच्याकडे बघून पापणी जराशी मिटली, घरातली माणसं घरातल्या गुपिताला मिटतात तशी. जणू म्हणत होता, गप बस, नातीसाठी करतोय.

सगुणाचा हात आपोआप मागं वेणीकडे गेला. आता तिथं करंगळीएवढा पांढरा अंबाडा होता. ती नामाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंगठा ओला होता, चकाकत होता. तिनं भिंतीला पाठ टेकली. चव्वेचाळीस वर्षं ती देवीवर रुसली होती, देवीला शरण गेली होती, देवीचे आभार मानत आली होती. आणि देवी बिचारी ह्यात कुठं नव्हतीच.

"हे पयल्यांदा न्हाय करत तुमी," ती हलक्या आवाजात म्हणाली.

नामाची पापणी तिथंच थांबली. मग त्याचा चेहरा उतरत गेला. आपण कुणासमोर काय केलं, हे त्याला आत्ता कळलं. त्यानं मान खाली घातली आणि अंगठा धोतराला पुसू लागला, पुसतच राहिला.

"काय झालं?" दिपेशनं विचारलं.

उजवी कळी सुकत आली होती. तिचं टोक खाली झुकलं, मग बूड सुटू लागलं. पूनमनं डोळे गच्च मिटून घेतले. सगुणा तिच्याकडे बघत होती म्हणून तिला दिसलं. होकार मागणाऱ्या पोरीचा तो चेहरा नव्हता. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी माणूस करतं तसं तोंड तिनं केलं होतं. आणि एकाएकी सगुणाला आठवलं की कौल लावा असं म्हणालं होतं कोण, तर पूनमच. दिपेश नव्हे, नामा नव्हे. बाप वाकायला आला होता, आठवडाभरात हो म्हणाला असता, तेवढ्यात पोरगी स्वतःच म्हणाली होती की आता देवीलाच विचारा.

सगुणा उठली. कळी खांद्यावरून घसरली तशी तिनं ती वरच्यावर झेलली. दुसऱ्या हातानं डावी ओढून काढली. ती सहज निघाली नाही.

दिपेश ताडकन उभा राहिला. "आये, काय केलंस हे? लागलेला कौल कुनी काढतं का?"

"मी काढते. देवी माझ्यावर कोपू दे." दोन्ही कळ्या तिनं मुठीत आवळल्या आणि पूनमसमोर बसली. "पोरी, डोळं उघड. तीन महिनं समदी भांडतायत. तुला कुनी इचारलं का, तुला हा पोरगा पायजे का?"

"आजी, मी सांगितलंय ना सगळ्यांना. आमचं आधीच..."

"ते वरचं सोड. वर काय बांधलंय ते वरच्याला म्हाईत. तुला पायजे का?"

पूनमनं दाराकडे पाहिलं. दाराशी विपुल उभा होता, पायांत मोजे, हातात रुमाल, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मग तिनं बापाकडे पाहिलं, आणि मग कुणाकडेच नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधी माहीत होतं. घरात भांडणं सुरू झाल्यावर फक्त भांडतच राहिले. आता त्याचा फोन आला की मला आधी बाबाच आठवतात. मला वाटलं, देवी सांगेल. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

दिपेश मटकन खाली बसला. तीन महिने ज्या हट्टाशी तो झुंजत होता, तो हट्ट असा समोर विरघळताना बघून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या तोंडावर आनंद नव्हता.

विपुल पुढं आला नाही. "पूनम, मलापण विचारायची भीती वाटत होती," तो म्हणाला. "म्हणून मीपण कौलाला हो म्हटलं." मग त्यानं बुटांत पाय घातले आणि पायऱ्या उतरला. गेला मात्र नाही. खालच्या पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळानं पूनम डोळे पुसत बाहेर गेली आणि त्याच्यापासून हातभर अंतर सोडून बसली. दोघं बोलायला लागली. काय बोलत होती ते आत ऐकू येत नव्हतं, आणि दिपेशनं कान दिला नाही, हे त्याचं मोठेपण. तो देवळामागं निघून गेला.

गाभाऱ्यात म्हातारा म्हातारी उरली. सगुणानं मूठ उघडली. दोन्ही कळ्या चुरगळल्या होत्या आणि तळहाताला गूळ लागला होता. तिनं त्या तबकात टाकल्या.

नामा बोलला तो तिच्याकडे न बघता. म्हणाला, तुझ्या बापाकडं दोन स्थळं आली होती हे मला ठाऊक होतं. गणराजचंही ठाऊक होतं. तुला बाजारात एकदा बघितली होती, त्याच्यापुढं काय सुचलंच नाही. वाटलं होतं, एक दिवस सांगू. पण तू ती मुंग्यांची गोष्ट सांगायला लागलीस, लोक हात जोडायला लागले, मग कुठल्या तोंडानं सांगणार.

"डावी पडली असती तर?" त्यानं विचारलं.

"तर मी हितं नसते."

तो मान हलवत राहिला. चार वर्षं दारू पिऊन आला तेव्हाही तो तिच्यापुढं इतका लहान दिसला नव्हता. सगुणाला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. सगळं आयुष्य ज्यावर उभं, ते ह्या माणसाच्या अंगठ्याएवढं होतं, आणि त्यावर उभं राहून तिनं तीन पोरं वाढवली होती.

"सगुने," नामा म्हणाला. "तवा इचारलं न्हाय. आता इचारतो. मी पायजे का तुला?"

सत्तरीच्या म्हाताऱ्यानं देवीसमोर बसून हे विचारावं, दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. सगुणा हसली नाही. तिला पटकन हो म्हणता आलं असतं. सवयीचं उत्तर तेच होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. नामाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो त्या एका शब्दासाठी टांगणीला लागला होता, हेही तिला दिसत होतं.

"सांगन," ती म्हणाली. "इचार करून सांगन."

ती उंबऱ्यावर जाऊन बसली, आणि खरंच विचार करू लागली.