सात सेंटिमीटरची बातमी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. पण मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत मावणारी नव्हे. माझी लांबी चांगली साठ सेंटिमीटर. कारखान्यात माझ्या अंगावर रेघा कोरल्या गेल्या आणि तिथून मी थेट एका सांजदैनिकाच्या कचेरीत आले.

त्या काळी बातम्यांचा मजकूर कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून यायचा. पान लावणारे दादा तो माझ्याशी धरून मोजायचे, जास्तीचा ब्लेडने कापायचे आणि उरलेला डिंकाने पानावर चिकटवायचे. बातमी नेहमी खालून कापायची, हा आमच्या धंद्याचा नियम. महत्त्वाचं ते वरच असणार, असं सगळे धरून चालायचे. "हिच्यासारखी चोख पट्टी दुसरी नाही," असं दादा म्हणाले की मी फुशारून जायचे.

एका सकाळी दोन बातम्या एकदम आल्या. एका बड्या शहरात नाटकगृहाला आग लागून चार जण दगावले होते. आणि दूरच्या डोंगराळ मुलुखात दरड कोसळून दोनशेच्या वर माणसं गाडली गेली होती. उपसंपादकसाहेबांनी आगीला अख्खं पान दिलं. त्या चौघांचे फोटो, नावं, वयं, कोणाला कशाची आवड होती, सगळं आलं. खोटं कशाला सांगू, मलाही गलबलून आलं.

"आणि या दरडीचं काय करू?" दादांनी विचारलं.

"सात सेंटिमीटर दे. तिकडचं कोण वाचतंय इथे?"

मजकूर नऊ भरत होता. दादांनी मला त्यावर आडवं ठेवलं आणि माझ्या कडेने ब्लेड फिरवून खालचे दोन सेंटिमीटर उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी कालचा अंक घेऊन दादांच्या टेबलाशी आल्या. त्यांची धाकटी बहीण त्याच मुलुखात दिलेली होती.

"दादा, दरड पडली म्हणता, पण कुठल्या गावांवर? नावंच नाहीत हो यात. कालपासून फोन लागत नाहीये. घरदार टाकून एवढ्या लांब जायचं, तर कळायला तरी हवं ना!"

दादा लगेच खाली वाकले. ते कचऱ्याच्या टोपलीत चाचपू लागले. डिंकाने चिकटून बसलेला तो बोटभर तुकडा सापडला. त्यावर पाच गावांची नावं होती. तिसरं मावशींच्या बहिणीचं.

"काल छापलं असतंत, तर कालच निघाले असते मी," एवढंच मावशी म्हणाल्या. झाडू भिंतीला टेकवून त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी परतल्यावर त्यांनी दादांना सांगितलं, "गावकऱ्यांनी माझी वाट पाहून आदल्या दिवशीच तिला पुरलं होतं. म्हणाले, काल आला असतात तर तोंड तरी दिसलं असतं."

दादांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

आता पानं संगणकावर लागतात. मी खणात गंजत पडले आहे, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. ते दोन सेंटिमीटर मी अगदी चोख मोजले, याचं मात्र वाटतं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असं सांगायला मी बसलेली नाही. लांबच्या माणसांची बातमी बोटभर दिसली, तर ती शेवटपर्यंत वाचा. अर्धवट वाटली, तर उरलेली मागून घ्या, आणि लगेच मागा. कोणाला तरी ती आजच हवी असते.