मागून लावायचा पट्टा

भोंगेरावांना घरात विनोद करायची बंदी होती. ही बंदी डॉक्टरांनी नव्हे, वहिनींनी घातली होती. वहिनींचं पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून जरा हसू आलं की टाके ओढायचे, आणि भोंगेरावांचं तोंड म्हणजे फाटकी पिशवी, कधी काय सांडेल नेम नाही. म्हणून दवाखान्यातून घरी येऊन पलंगावर टेकतात न टेकतात तोच वहिनींनी फर्मान काढलं, "अहो, मी बरी होईपर्यंत तोंडाला कुलूप. आणि ते ढोलाचं तर मुळीच नको."

ढोलाचं म्हणजे भोंगेरावांचा हुकमी किस्सा. लग्नाला जितकी वर्षं झाली, जवळजवळ तितकीच त्या किश्श्याला.

त्यांचं खरं नाव भोंगेराव नव्हतं, हे सांगायला नकोच. कारखान्याच्या बँडमध्ये ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवायचे. त्याच्या तोंडात एखादं मांजर निवांत झोपलं असतं. त्यावरून बँडवाल्यांनी त्यांना भोंगेराव केलं आणि नवी नवरी घरात आली ती उंबऱ्यातच भोंगावहिनी झाली. पुढे 'भोंगा' गळाला, 'वहिनी' राहिलं. आता तर वाणी, शेजारी, पेपर टाकणारा, सगळेच वहिनी म्हणतात.

हसणं बंद झालं, तसं खोकणंही बंद झालं. मग हळूहळू वहिनींनी श्वाससुद्धा जपून घ्यायला सुरुवात केली. वरच्या वर, उसना घेतल्यासारखा. चालताना एक हात पोटावर आणि दुसरा भिंतीवर. वाकून वाकून पाठ धरली. टाके उसवतील ही भीती त्यांच्या मनात जी बसली ती उठायला तयार नव्हती. दवाखान्यातून तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा की चेंडू वर चढतात. वहिनींचा पहिला चेंडू कसाबसा हलायचा. भोंगेरावांनी एकदा सहज नळी तोंडात धरली तर तिन्ही चेंडू वर टोकाला जाऊन चिकटले. वहिनींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं नळी धुऊन जागच्या जागी ठेवली.

डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं. "छातीत कफ साठायला लागलाय. खोल श्वास घ्या, खोका, चाला. पोटाला आधार हवा तर पट्टा घ्या. सोमवारी छाती पुन्हा तपासतो. अशीच राहिली तर भरती करावं लागेल."

भरती हा शब्द ऐकून वहिनींना तो वॉर्ड आठवला. त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. चांगली बोलायची, सुनेच्या तक्रारी करायची. एका सकाळी वहिनी जाग्या झाल्या तर ती नव्हती, आणि रबरी गादी धुऊन वाळत घातली होती. ती कुठे गेली ते वहिनींनी विचारलं नाही. त्या गादीकडे पाठ करून झोपायचं म्हटलं तर कुशीवर वळता येत नव्हतं.

"त्या खाटेवर मी परत जायची नाही," त्या भोंगेरावांना म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली आणि ते माळ्यावर चढले.

खाली आले ते बँडचा पट्टा घेऊन. चांगला वीतभर रुंद, पांढऱ्या जाड कापडाचा, आतून चामडं लावलेलं, दोन पितळी बकलं. कारखाना बंद झाला तेव्हा वाद्यं मोजून परत घेतली गेली, कोटसुद्धा गेले. हा पट्टा तेवढा वहिनींकडे धुवायला होता म्हणून राहिला. वहिनींनी तो हातात घेतला आणि त्यांना एकदम खडूचा वास आला. दर शनिवारी त्या पट्ट्याला ओला खडू घासून तो पांढरा करायच्या. उन्हात वाळला की संध्याकाळी बागेत बँड.

त्या पट्ट्याची बकलं पाठीमागे होती. पुढून कोटाची बटणं नीट दिसावीत म्हणून कुणा शहाण्यानं तसं ठरवलं होतं. त्यामुळे तो ज्याचा त्याला लावता यायचा नाही. कुणाला भाऊ लावून द्यायचा, कुणाला आई. भोंगेरावांना वहिनी. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी जीव तोडून पट्टा आवळला, तोही नवरा श्वास सोडून उभा असताना. नवरा रुबाबदार दिसावा, दुसरं काय! भोंगेराव बागेत गेले, पहिला लांब सूर आला, त्यांनी पोटभर श्वास घेतला, आणि मागचं बकल तुटून जे उडालं ते थेट ढोलावर. धम्म!

इथून पुढचा किस्सा भोंगेरावांचा. तो त्यांनीच सांगायचा, असा नियम होता. आणि आता त्यावर बंदी होती.

त्यानंतर वहिनी शिकल्या. पाठीमागे उभं राहून म्हणायच्या, "भरा." भोंगेराव छाती-पोट भरून श्वास घ्यायचे. त्या भरल्या पोटावर वहिनी बकल लावायच्या, खांद्यावर दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "आता वाजवा." रात्री परत आल्यावर तो पट्टा सोडायचंही काम त्यांचंच. भोंगेरावांच्या पाठीवर घामानं पट्ट्याची रुंद खूण उठलेली असायची. तेव्हा ती पाठ दाराएवढी होती. आता सदरा खांद्यावरून घसरतो.

"चल, उभी राहा," भोंगेराव म्हणाले. त्यांनी पट्टा वहिनींच्या पोटाला गुंडाळला. पण वहिनी दवाखान्यात वाळल्या होत्या, पट्टा दोनदा फिरला आणि बकल बरोबर टाक्यांवर येऊन बसलं. वहिनी किंचाळल्या. "अहो! मला बागेत नाही जायचं!"

स्वतःच्याच बोलण्यावर वहिनींना हसू येणार होतं. त्यांनी ते दाबलं आणि तेच जास्त दुखलं. शेवटी रिक्षा करून दोघं दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात गेली.

दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती. काउंटरमागची बाई मुलीच्या वयाची, बोलायला मोकळी. "या काकू, बसा. काका, तुम्ही त्या काठ्या जरा सरकवा."

"पाठीचा पट्टा हवाय," वहिनी म्हणाल्या. "पाठच जास्त दुखते."

बाईनं आधी तोच दाखवला. मागे धातूच्या पट्ट्या, पुढे दोन अरुंद बंद. लावल्याबरोबर वहिनी सुतासारख्या सरळ झाल्या, पण पुढचे बंद टाक्यांवर करकचले. "नको गं बाई, हा तर पोलीस वाटतो."

"काकू, पाठ दुखते ती वाकून वाकून. पोटाला धीर दिलात की पाठ आपोआप सुटेल," बाई म्हणाली आणि तिनं दुसरा काढला, मऊ, लवचिक, स्वस्तातला. उभ्यानं छान बसला. वहिनी खुर्चीत बसल्या तर त्याची गुंडाळी होऊन दोरी झाली. तो गेला. तिसरा रुंद होता, बरगडीखालपासून खाली मांडीच्या वरपर्यंत. बसलं तरी जागचा हलेना. कापड आतून मऊ. पुढे चिकटपट्टी, चर्रर्र करून उघडायची, दाबली की चिकटायची.

"हाच घ्या," बाई म्हणाली. "पुढून लावायचा, तुमचा तुम्हाला. कुणाची वाट बघायला नको."

वहिनींनी लावून पाहिला. खरंच सोपा होता. चिकटपट्टीची जाड कड मात्र टाक्यांच्या रेषेवर येत होती. त्यांनी मान वर केली तर समोर भोंगेराव उभे होते. एका हातात वहिनींची पिशवी, दुसऱ्या हातात घरून आणलेला बँडचा पट्टा. मापाला उपयोगी पडेल म्हणून आणला म्हणे. आता तो त्यांनी गुंडाळून गुंडाळून मुठीएवढा केला होता आणि ते खोक्यांवरची अक्षरं वाचत होते. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा खिशात होता.

वहिनींना गलबलून आलं. या माणसानं ऑपरेशनच्या दिवसापासून चहा केला, कपडे धुतले, कुलूप लावून गप्प राहिला. त्याला करण्यासारखं एक काम होतं ते या चिकटपट्टीनं नेलं.

"हा मागून लावता येतो का गं?" त्यांनी विचारलं.

"येतो की. उलटा फिरवायचा. जोड टाक्यांवर येणार नाही, ते तर बरंच." बाई जरा थांबली. "पण काकू, मग रोज लावायला दुसरं माणूस लागेल."

"आहे ना दुसरं माणूस," वहिनी म्हणाल्या.

भोंगेरावांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि अक्षरं पहिल्यापासून वाचायला घेतली.

घरी आल्यावर वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात गजांवर ठेवून. भोंगेराव मागे आले. पट्टा पुढून फिरवून त्यांनी दोन्ही टोकं हातात घेतली. लावली नाहीत, नुसती धरली. त्यांचा श्वास वहिनींना मानेवर कळत होता. इतक्या वर्षांत त्या नेहमी मागे उभ्या राहिल्या होत्या. पुढे उभं राहिलं की काय वाटतं ते त्यांना माहीतच नव्हतं.

"भर," भोंगेराव म्हणाले.

"उसवेल."

"मी धरलंय. भर."

वहिनींनी जीव मुठीत धरून श्वास घेतला. नेहमीच्या जागी तो अडला. तिथं त्यांनी डोळे मिटले आणि पुढे ओढला. पोट पट्ट्यावर टेकलं. पट्ट्यामागे दोन हात होते, ते तेवढेच सैल झाले आणि तेवढेच घट्ट राहिले. श्वास खाली खाली गेला, ऑपरेशननंतर पहिल्यांदा तळाशी पोचला. कळ आली, पण काही उसवलं नाही. मग आतून खोकला उसळला. त्या खोकल्या, पुन्हा खोकल्या, चांगल्या दणकून, आणि हात सुटले नाहीत.

चिकटपट्टी दाबून पट्टा लागला. खांद्यावर दोन थापा पडल्या, अगदी हलक्या.

"आता वाजव," भोंगेराव म्हणाले.

वहिनींना हसू फुटलं. त्यांनी दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "अहो, बंदी उठली. सांगा, बकल ढोलावर आदळलं, मग?"

"मग बँडमास्तर लालबुंद! काठी उगारून ढोलवाल्यावर ओरडला, मधेच कशानं वाजवलास? ढोलवाल्याच्या दोन्ही काठ्या काखेत. त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला..."

भोंगेरावांना इथं नेहमी थांबायची सवय होती. या वेळी मात्र थांबले ते चष्मा काढून सदऱ्याला पुसायलाच लागले.

"मास्तर, ह्याच्या पोटानं!" वहिनींनी वाक्य पुरं केलं, आणि पोट धरायला खाली हात न नेता हसत सुटल्या.