चांदणे : अर्थ चौथा

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, आणि त्या दोन अक्षरांचा दरारा एवढा होता की नवीन माणूस खुर्ची ओढतानासुद्धा आवाज होऊ देत नसे. एकतीस वर्षं बाई शब्दांचे अर्थ लावत आल्या होत्या. ‘च’चा खंड त्यांचा विशेष लाडका, त्यातलं चंद्राचं गणगोत तर त्यांनी दुसऱ्या कोणाला शिवूही दिलं नव्हतं. ज्याच्या छपरातून आभाळ दिसतं ते घर चंद्रमौळी. मानगूट धरून बाहेर काढणं म्हणजे अर्धचंद्र देणं. हा अर्थ लिहायला विसरलेल्या एका साहाय्यकाला बाईंनी तो प्रात्यक्षिकासह शिकवला, असं कचेरीत दबक्या हसण्यानं सांगितलं जाई, आणि बाईंनी ते कधी नाकारलं नाही.

“माझ्या हातून शब्द अर्धपोटी जात नाही,” त्या म्हणत. ही बढाई नव्हती. ते खरंच होतं.

छापखान्यातून ‘चांदणे’ या नोंदीची प्रुफं आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाईंनी चष्मा पुसला आणि स्वतःचीच अक्षरं छापून आलेली बघताना होणाऱ्या त्या जुन्या, गोड समाधानानं वाचायला सुरुवात केली. पहिला अर्थ, चंद्राचा प्रकाश. दुसरा, आभाळभर पसरलेल्या चांदण्या. तिसरा लाक्षणिक, आनंद, प्रसन्नता. बाईंनी तिन्हींवर खूण केली आणि पान उलटायला बोट उचललं, तर खाली चौथा अर्थ होता.

‘४. ज्याच्याविषयी बोलायचे नाही असे घरात ठरले आहे, ते माणूस. “त्यांच्याकडे एक चांदणे आहे.”’

हा अर्थ त्यांनी लिहिला नव्हता. लिहिणं दूरच, आजवर ऐकलाही नव्हता. कोणीतरी थट्टा केली असणार, असं समजून त्यांनी मुद्रितशोधकाला बोलावलं. बारीकसारीक चुका टिपण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला भिंग म्हणत.

“हे कुठून आलं?”

“चिठ्ठीवरूनच लावलंय, बाई,” भिंग म्हणाला आणि खणातून ती चिठ्ठी घेऊन आला.

चिठ्ठी जुनी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. शाई हिरवी, बाई हिरवी शाई कधी वापरत नसत. पण अक्षर त्यांचंच होतं. ‘ण’ची ती उगीच जास्त वळवलेली गाठ, ओळीच्या शेवटी किंचित वर चढणारी रेघ. खाली आधार लिहिला होता, ‘आई, तोंडी’, आणि तारीख. बाई कचेरीत रुजू झाल्या, त्याच्या दोन वर्षं आधीची.

“असा अर्थ आहे का?” बाईंनी शक्य तितक्या सहज विचारलं.

भिंगानं आश्चर्यानं वर बघितलं. “म्हणजे काय? आमच्याकडे थोरले काका चांदणं होते. पंगतीला आमच्यातच बसायचे. वाढायचं सगळं, फक्त बोलायचं नाही.” मग जरा ओशाळून म्हणाला, “तुम्ही माझी परीक्षा घेताय ना?”

“हो,” बाई म्हणाल्या.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी ग्रंथपालाला विचारलं, शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला विचारलं, शाळेतल्या आपल्या म्हाताऱ्या सरांना फोन लावला. प्रत्येकाला अर्थ ठाऊक होता. सर तर म्हणाले, “बाळ, हे तू मला विचारावंस?” आणि त्यांनी हळूच फोन ठेवला.

बाईंच्या जिवाला लागलं ते एवढंच, की सगळ्या गावाला माहीत असलेला अर्थ आपल्याला माहीत नाही. चौथ्या अर्थावर काट मारणं सोपं होतं. पण खरा अर्थ आपल्या अज्ञानापायी कापायचा, हे त्यांच्या अभिमानात बसणारं नव्हतं. नोंद राहणार, मग ती पक्क्या उदाहरणासह राहणार.

घरी आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. नव्वदीला टेकली तरी तिचे हात कसे चटचट चालत. घरात त्या दोघीच. बाई एकुलती एक.

“आई, चांदणं म्हणजे काय गं?”

आईचे हात थांबले. “आता का काढलंस ते?”

“कोशात घेतेय. एक वाक्य हवंय. बोलण्यातलं.”

आईनं लेकीकडे बराच वेळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. बाईंना वाटलं, तिथे कौतुक आहे.

“लिही,” ती म्हणाली. “‘दोघींतली एक चांदणं झाली, आणि घर पुढे चालत राहिलं.’”

“कुठल्या दोघी?”

“वाक्य मागितलंस. दिलं.” आईनं पुढची शेंग उचलली.

बाईंनी ते उतरवून घेतलं. वाक्य सुरेख होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. तसं ते त्यांनी कोशात छापलं.

खंड प्रकाशित झाला. त्याचं कौतुक झालं, आणि ‘चांदणे’ ही नोंद तर जाणकारांनी एकमेकांना वाचून दाखवली. पहिली प्रत बाईंनी घरी आणली आणि सकाळच्या उन्हात आईच्या मांडीवर ठेवली. आईनं जाड कव्हर दोन्ही हातांनी उघडलं. मुखपृष्ठामागच्या पानावर, मधोमध, मोठ्या अक्षरांत संपादिका म्हणून बाईंचं नाव होतं. आईनं त्यावरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावर थांबत, आणि तिचा चेहरा अभिमानानं असा उजळला की बाईंना गहिवरून आलं. त्या आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या.

आईनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

“तिचं नाव किती छान छापलंस गं,” ती म्हणाली.

बाईंनी ‘कोणाचं?’ असं विचारलं नाही.