गादीसाठी पवनचक्की

वैजनाथला बसवतच नाही, हे त्याच्या बायकोचं निदान, आणि पूर्णिमाची निदानं सहसा चुकत नाहीत. ती कर्वेनगरची. बोलणं मोजकं, पण झोंबणारं. नवरा जेवताना मधेच उठायचा, फोनवर बोलताना घरभर फिरायचा, खराडीच्या ऑफिसातल्या मीटिंगाही घरून उभ्या उभ्या उरकायचा. पण होळीनंतर विदर्भातल्या कारंज्याहून आईला वाघोलीच्या या रो-हाऊसमध्ये आणलं आणि मग त्याच्या पायांना जी भिंगरी लागली, ती लागलीच.

आई म्हणजे मुक्ताई. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, बोलणं संथ, डोकं मात्र लख्ख. खालच्या खोलीत तिची कॉट होती. पडून पडून पाठीला जखम झाली, तेव्हा डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. छोटासा पंप गादीतल्या नळ्या आळीपाळीने फुगवतो, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. त्या पंपाला वीज लागते ती एखाद्या दिव्याएवढी, पण लागते. आणि वाघोलीतली लाईट म्हणजे काय सांगावं! ती गेली की गादी बसायची, आणि पूर्णिमा सासूला कुशीवर वळवून पाठीशी उशा लावत राहायची.

यावर गेटसमोरच्या दुकानातून इन्व्हर्टर आणावा, असं तुम्ही म्हणाल. पूर्णिमाही तेच म्हणाली. पण नाही! आमच्या पठ्ठ्याने गच्चीवर पवनचक्की करायची ठरवली. इन्व्हर्टर भरायलाही शेवटी लाईटच लागते आणि वारा फुकट आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण असं की त्या खोलीत त्याचा जीव घाबरा व्हायचा. औषधाचा वास, उशीवरचं आईचं वाकडं झालेलं तोंड, पाठीवरची ती जखम, जी त्याने एकदाही पाहिली नव्हती. तो दारात उभा राहून "कसं वाटतंय?" विचारायचा आणि उत्तर पुरतं कानावर पडायच्या आत जिना चढायला लागायचा. वर गेलं की बरं वाटायचं. वर स्क्रू होते, पाना होता, आणि आपण आईसाठीच राबतोय असं स्वतःला सांगता येत होतं.

राबला मात्र खरोखर. जुन्या बाजारातून मोडक्या ट्रेडमिलची मोटर आणली. बाहेरून फिरवली की हीच मोटर वीज तयार करते, हे त्याने व्हिडिओ बघून बघून पाठ केलं होतं. ड्रेनेजचा जाड पाइप उभा चिरून त्याची पाती केली, पत्र्याचं शेपूट लावलं, सगळं लोखंडी खांबावर चढवलं. पहिल्याच जोरदार वाऱ्यात एक पातं सुटलं आणि शेजारच्यांच्या तुळशीत जाऊन पडलं. ते परत आणताना पूर्णिमा एवढंच म्हणाली, "तरी बरं, आईंच्या खोलीपर्यंत तुमचं काही पोचत नाही."

हे त्याला लागलं. लागलं म्हणून तो खाली आला का? छे. दुप्पट जोमाने वर गेला.

मग एका बुधवारी सगळं जुळलं. त्याने नवी बॅटरी घरच्या लाईटवर काठोकाठ भरून घेतली, तिला पवनचक्की जोडली, आणि लाईट गेली की गादीचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा हक्काचा वार. पूर्णिमाला वडिलांना डोळे तपासायला न्यायचं होतं. निघताना तिने विचारलं, आईंना वळवाल ना? तो म्हणाला, आता वळवायची गरजच काय, बॅटरी आहे.

दुपारी गच्चीवर गेला तर चक्की फिरत होती. एका लयीत, न अडखळता. वैजनाथला इतका आनंद झाला की तो धावत खाली आला आणि थेट आईच्या कॉटपर्यंत गेला. गच्चीवर घेतलेलं शूटिंग मोबाईलवर तिला दाखवलं. मुक्ताईने ते पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या बदामाकडे पाहिलं.

"वारा कुठं हाये बा? पान त हालून नाही राह्यलं."

वर असतो वारा, असं हसून सांगून तो पुन्हा गच्चीवर गेला. हात वर धरला. मे महिन्यातली ती दुपार, कपाळावरचा घामसुद्धा सुकत नव्हता. आणि चक्की आपली फिरतेय! तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. डायोड लावायचा राहिला होता. डायोड म्हणजे विजेच्या वाटेवरचं एकाच बाजूने उघडणारं दार. ते नसलं की चक्की बॅटरी भरत नाही, उलट बॅटरीच चक्कीला पंख्यासारखी फिरवत बसते. म्हणजे कालपासून आईच्या वाटची वीज हे धूड खात होतं, आणि आपण त्याचं कौतुक करत होतो. त्याने चक्कीची वायर उपटली, आणि तेवढ्यात खाली लाईट गेली.

बॅटरीत उरलेल्या विजेवर पंप एकदोनदा घरघरला आणि गप्प झाला. वैजनाथ खोलीत पोचला तेव्हा गादी बसायला लागली होती आणि आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने पूर्णिमाला फोन लावला. ती ट्रॅफिकमध्ये अडकलेली, यायला वेळ लागणार होता. त्याला वाटलं होतं ती फाडून खाईल. तिने शांतपणे सांगितलं की हाताला धरून ओढू नका, अंगाखालची चादर धरून भिंतीकडे वळवा, पट्टी ओली असली तर बदला, सामान कपाटात आहे.

त्याने चादर धरली. आई इतकी हलकी झालीय, हे त्याला माहीतच नव्हतं. ती वळली आणि पट्टी निघून आली. रुपयाएवढी असेल असं तो धरून चालला होता. जखम तळहाताएवढी होती, आणि खोल. वैजनाथ मागे सरकला. सरकत सरकत दाराशी आला, पाय जिन्याकडे वळलेसुद्धा.

"जाय बा तू वरते," मुक्ताई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तुले नाही होत हे. तू लहान असतानी माह्यं बोट कापलं त गोठ्यात लपला होता. म्हणूनच सूनबाईले सांगून ठेवलं, त्याले बलावू नको."

म्हणजे होळीपासून तो पळत होता आणि ती त्याला पळू देत होती. वैजनाथला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांपुढे अंधारी आली. रडूही आलं. पण हात रिकामे नव्हते, दाराची चौकट धरली होती. ती सोडली.

"नाही जात," तो म्हणाला.

हात धुऊन आला, पुन्हा फोन लावून स्पीकरवर ठेवला, कपाटातून सामान काढलं, कॉटच्या कडेला बसला. पूर्णिमा फोनवर एकेक पायरी सांगत होती, तसतसा तो पुसत गेला. कापूस कडेला लागला तशी मुक्ताई आक्रसली. मग तिचा उजवा हात चाचपडत मागे आला आणि त्याच्या मनगटावर थांबला.

"लय दुखते रे, वैजू," ती म्हणाली.

वाघोलीला आल्यापासून हे तिने त्याला पहिल्यांदाच सांगितलं.